झाकण्याआधी बघा

वडगावच्या बाजारात बैल घ्यायला माणूस एकटा जात नाही. गावातला एखादा जाणता बरोबर घेतो. जाणता बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. विकणारा शपथा घालत असतो. पण विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कोणी बैल घेत नाही. बैलाच्या तोंडाकडे बघून घेतात.

बैल काही वर्षे दावणीला राहतो. घर आपल्यामागे मुलांना राहते, नातवंडांना राहते. त्यात जन्माची कमाई जाते, वर कर्ज होते. आणि हे घर बांधताना आपण काय करतो? मिस्त्रीला म्हणतो, 'आपलंच घर समजून करा.' नारळ फोडतो आणि उसाला पाणी पाजायला निघून जातो.

या धड्यात आपण घराच्या तपासणीविषयी वाचू. तपासणी म्हणजे घर पुरे झाल्यावर रंग बघत फिरणे नव्हे. घर उभे राहत असताना, दर टप्प्याला, जाणत्या माणसाने येऊन बघायचे. आणि त्या माणसाचा त्या कामात पैसा गुंतलेला नसावा. याला आम्ही तपासणी म्हणतो.

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी आमचा एक वर्ग चालत असे. तात्या आणि काकी, दोघे नवरा-बायको त्या वर्गाला येत. त्यांचे जुने घर मातीच्या भिंतींचे होते. २०१९ च्या ऑगस्टात मोठा पूर आला. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. मातीची भिंत पाण्यात उभी राहत नाही. ती आधी भिजून मऊ होते, मग पायाशी खचते. पूर ओसरला तेव्हा तात्यांच्या घराची एक भिंत उभी होती. देवाचा कोनाडा नेमका त्याच भिंतीत होता, एवढेच काकींना समाधान.

पुढचे सव्वा वर्ष दोघे भावाच्या पडवीत राहिली. मध्ये टाळेबंदी आली. २०२० च्या दिवाळीनंतर गावठाणातल्या उंच जागेवर नवे घर बांधायचे ठरले. दोन वर्षांचे ऊसबिल, एक म्हैस विकून आलेले पैसे आणि पतसंस्थेचे कर्ज, असा मेळ घातला. मिस्त्री काकींच्या माहेरचा, नात्याने त्यांचा भाचा. हात चांगला, बोलणे गोड. चौरस फुटाला इतके रुपये, असा मजुरीचा ठेका त्याला दिला.

आम्ही तात्यांना म्हणालो, "काम भाच्याला दिलेत, चांगले झाले. पण बघायला कुणीतरी बाहेरचा माणूस ठेवा." तात्या कानकोंडे झाले. मिस्त्री तर रुसलाच.

"आत्ती, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय तुझा? आमी काय चोर हाय?"

काकी चुलीपाशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तू रोज सकाळी डेअरीत दूध घालतोस न्हवं? तिथला सेक्रेटरी तुझा दोस्त. तरी फॅट लावतोयच की. तवा तुला राग येतो व्हय?"

मिस्त्री गप्प झाला. काकींचे बोलणे आम्ही पुढे अनेक गावांत सांगितले. दुधाला फॅट लावतात. उसाचे वजन बाहेरच्या काट्यावर करून मिळावे म्हणून आपल्याच जिल्ह्यातले शेतकरी किती वर्षे भांडत आले आहेत. दुसऱ्याने आपला माल मोजला तर मोजणारा तिसरा असावा, हे आपल्याला पटते. मग आपण माल घेतो तेव्हाही मोजणारा तिसरा असावा, हे का पटू नये?

हा तिसरा कोण? मिस्त्रीचा भाऊबंद नको. सिमेंट-सळई विकणारा दुकानदार नको. ठेकेदाराने स्वतः आणलेला इंजिनिअर नको, तो कितीही शिकलेला असला तरी. तालुक्याच्या गावी सिव्हिल इंजिनिअर असतात. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर असतात. तसे कोणी जवळ नसेल तर लांबच्या गावचा नावाजलेला जुना मिस्त्रीसुद्धा काही नसण्यापेक्षा बरा. फी आधी ठरवावी, आणि दर खेपेला इतके अशी ठरवावी. घराच्या खर्चावर शेकडा इतके, असे ठरवू नये. तसे ठरवले तर खर्च वाढला की त्याची फीही वाढते.

तात्यांना एक निवृत्त ओव्हरसियर मिळाले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "मला बोलवायचे तर झाकण्याआधी बोलवा. झाकल्यावर बोलावलेत तर मी चहा पिऊन जाईन. दुसरे काय करणार?"

हे नीट ध्यानात घ्या. घराचे काम म्हणजे एकामागून एक झाकत जाणे. पाया मातीने झाकला जातो. सळई काँक्रीटने झाकली जाते. वीट गिलाव्याने झाकली जाते. गिलावा रंगाने झाकला जातो. ज्यावर घराचा जीव असतो ते सगळे आत जाते, आणि आपण घरभरणीला वरचा रंग बघून 'झकास झालंय' म्हणतो.

पायाची खेप

चर खणून झाले होते. तीन फूट खोल. दुसऱ्या दिवशी काँक्रीट टाकायचे होते. ओव्हरसियरांनी पहार मागितली आणि चराच्या तळात मारली. पहार फूटभर आत गेली.

"ही काळी माती आहे," ते म्हणाले. "खाली मुरूम लागेपर्यंत खणा."

काळ्या मातीचा गुण शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. चैत्रात तिला एवढ्या भेगा पडतात की हात आत जातो. उसाला ती सोन्यासारखी. घराला मात्र ती दर वर्षी वर ढकलते आणि पुन्हा खाली सोडते. सगळे घर सारखे वर-खाली झाले तर एक वेळ चालेल. पण एक कोपरा जास्त हलतो, एक कमी. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. लोक ती सिमेंटने बुजवतात. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

मुरूम साडेपाच फुटांवर लागला. मजुरी दोन दिवसांची वाढली. नदीकाठच्या कितीतरी जागी काळी माती याहून खोल असते. तिथे दुसरे उपाय करावे लागतात, ते जागा बघून इंजिनिअरच सांगेल. पश्चिमेकडे आजरा-चंदगडच्या बाजूला जांभा वर येतो, तिथली गोष्ट वेगळी. शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे हे विचारावे जरूर, पण तेवढ्यावर आपला पाया ठरवू नये.

चरातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरायची मिस्त्रीची तयारी होती. माती फुकट होती ना! ओव्हरसियरांनी ती शेतात टाकायला लावली. जोत्यात मुरूम भरला. तोही एकदम नव्हे. अर्ध्या फुटाचा थर, पाणी, धुम्मस. पुन्हा थर, पाणी, धुम्मस. जोत्याची उंची पुराच्या खुणेवरून घेतली. शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण होती. तिथून पाण्याच्या नळीने लेव्हल आणली आणि जोते त्या खुणेच्या दोन फूट वर धरले.

काकींचे वाचन

ओव्हरसियर रोज थोडेच येणार? मधल्या दिवसांत काकी बघत. त्यांनी एक शंभर पानी वही केली. आमच्या वर्गात त्या नुकत्या जोडाक्षरे शिकल्या होत्या. वहीत 'सिमेंट' हा शब्द पहिले दोन आठवडे 'सिमेट' असा आहे. आम्ही तो मुद्दाम सुधारला नाही.

सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाले ते छापलेले असते. आकडे इंग्रजी असतात, पण ते आपण शिकलो आहोत. सिमेंट तीन महिन्यांहून जुने असेल तर तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. ते हवेतला ओलावा पिते आणि त्याची ताकद उतरते. एके दिवशी टेम्पोतून वीस पोती उतरली. काकींनी एकेक पोते बोटाने वाचले. सात पोती पाच महिन्यांपूर्वीची निघाली. त्यांनी ती परत पाठवली. दुकानदार म्हणाला, चुकून आली असतील. असेल, चुकून असेल.

विटेची परीक्षा जुनी माणसे करतात तशीच. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात, आवाज खणखणीत यावा. नखाने ओरखडा उठू नये. छातीच्या उंचीवरून जमिनीवर पडली तर तुकडे होऊ नयेत. पाण्यात रात्रभर ठेवली तर विरघळू नये.

वाळूची परीक्षा मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. काचेची बाटली घ्यावी. निम्मी वाळूने भरावी, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे. खूप हलवून तीन तास न हलवता ठेवावी. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर बसतो. वाळूचा थर बारा बोटे असेल तर गाळ एका बोटाहून जास्त नसावा. जास्त असेल तर वाळू धुवावी किंवा परत करावी. गाळ असलेली वाळू आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. सिमेंट कितीही घाला.

खांबाचा पाय

आता सांगतो ती गोष्ट मिस्त्रीला आवडणार नाही. पण त्यानेच आम्हाला ती सांगायची परवानगी दिली आहे.

खांब भरून झाले. दोन दिवसांनी सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या. मागच्या बाजूच्या एका खांबाच्या पायाशी काँक्रीट नीट बसले नव्हते. खडी उघडी दिसत होती, मध्ये पोकळ जागा, मधमाशांच्या पोळ्यासारखी. आतली सळईसुद्धा दिसत होती. माल भरताना नीट ठासला नाही की असे होते.

त्या दिवशी ओव्हरसियर येणार नव्हते. संध्याकाळी मिस्त्रीने थोडे सिमेंट-वाळू कालवले आणि थापीने त्या जागेवर लावून गुळगुळीत केले. काकी गोठ्यातून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. भाचा होता. रात्री त्यांना झोप आली नाही, असे त्या आम्हाला म्हणाल्या. बोलावे तर माहेर दुखावते. न बोलावे तर खांब तसाच राहतो आणि त्यावर स्लॅब येतो. पहाटे त्यांनी दिवा लावून वहीत एक ओळ लिहिली: 'मागला डावा खांब. खाली पोकळ. वरनं लावलय.'

दोन दिवसांनी ओव्हरसियर आले. काकींनी वही पुढे केली. तोंडाने एक शब्द काढला नाही. त्यांनी वाचले, हातोडी घेतली आणि खांबावर वरून खाली टकटक करत आले. पायाशी आवाज बदलला. एक घाव घातला तसा गिलाव्याचा पापुद्रा निघून पडला.

कोणी कोणाला ओरडले नाही. वरच्या कामाला टेकू दिला. सैल झालेले सगळे फोडून काढले, जागा धुतली, ओव्हरसियरांनी सांगितलेल्या मालाने पुन्हा भरून घेतली. सगळे मिळून दीड दिवसाचे काम. स्लॅब पडल्यावर हेच करायचे म्हटले असते तर?

मिस्त्री वाईट माणूस नाही. आम्ही त्याला पुढे विचारले, "का झाकलेस रे?" तो म्हणाला, "चौरस फुटावर काम घेतलंया. फोडून परत भरायचं म्हंजी दोन गड्यांची हजेरी माझ्या खिशातनं." त्याचे खरे होते. आपण चार मिस्त्र्यांना भाव विचारतो, सर्वांत कमी सांगेल त्याला काम देतो, आणि मग त्याने स्वतःच्या खिशातून चूक दुरुस्त करावी अशी अपेक्षा धरतो. तात्यांनी त्या दीड दिवसाची निम्मी मजुरी दिली. आमच्या मते ठीक केले. आमचे एक सहकारी म्हणतात, एक पैसाही द्यायला नको होता. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

स्लॅबचा दिवस

स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट टाकण्याच्या आदल्या दिवशी तपासणी झाली पाहिजे. त्याच सकाळी नको. त्या सकाळी मिक्सर आलेला असतो, पंधरा गडी आलेले असतात, घरात जेवणाचे आधण चढलेले असते. चूक दिसली तरी सुधारायला कोणाचे मन होत नाही.

तात्यांच्या स्लॅबची सळई थेट फळ्यांवर पडलेली होती. अशी सळई काँक्रीटच्या पोटात न राहता खालच्या अंगाला उघडी राहते. तिला ओल लागते, ती गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. जुन्या घरांच्या छताचे पापुद्रे पडतात ते यामुळेच. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, खांबाला ४०, आणि पायाला ५० मिलिमीटर जाडीचा थर सळईबाहेर राहावा. फुटलेल्या विटेचे तुकडे ठेवू नयेत, ते ओल धरतात.

दुसरे, रिंगा. खांबातल्या रिंगांची टोके नुसती काटकोनात मुडपून सोडली होती. ती आत, खांबाच्या पोटात वळवायला लावली. भूकंपात खांब हलला की काटकोनातली टोके उघडतात आणि उभ्या सळया फाकतात. तिसरे, बाहेर आलेला छज्जा. भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, खाली नव्हे. गडी तिच्यावरून चालतात, ती खाली दबते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फळ्या काढल्या की असा छज्जा वाकतो किंवा पडतो. पुष्कळदा तो खाली उभ्या असलेल्या गड्यावरच पडतो.

स्लॅबच्या दिवशी ओव्हरसियर वर चढले नाहीत. ते मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले. तात्यांना हे चमत्कारिक वाटले. पण काँक्रीटचा जीव मिक्सरपाशीच ठरतो. माल पातळ असला की गड्यांना पसरायला सोपा जातो, म्हणून पाणी वाढवतात. हे जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक भोके राहतात. साध्या घराच्या स्लॅबला जे काँक्रीट वापरतात, त्याला ५० किलोच्या एका पोत्यामागे पाणी ३० लिटरच्या वर जाऊ नये. वाळू ओली असेल तर आणखी कमी. काकींनी पंधरा लिटरची बादली ठरवून दिली आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढत बसल्या. एका पोत्याला दोन रेघा. दुपारी एका गड्याने तिसरी बादली उचलली. काकींनी नुसता कोळसा वर केला. त्याने बादली खाली ठेवली.

त्याच मालातून सहा ठोकळे भरून घेतले. दर बाजूने १५ सेंटिमीटरचा लोखंडी साचा असतो. ठोकळे पाण्यात ठेवतात. तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. किती दाब सोसला त्याचा कागद मिळतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत फी घेऊन हे काम करून देतात. खेड्यातल्या एका घरासाठी ठोकळे कशाला, असे लोक म्हणतात. घराच्या खर्चापुढे ती फी काहीच नाही, असे आम्ही म्हणतो.

स्लॅब पडल्यावर वरती भाताच्या खाचरासारखे वाफे करून पाणी भरले. साध्या सिमेंटला निदान सात दिवस पाणी हवे. राख मिसळलेले सिमेंट असेल तर निदान दहा दिवस. ते पोत्यावर लिहिलेले असते. पाणी ओढायचे काम बहुधा घरच्या बाईवर पडते. म्हणून तिला हे कळले पाहिजे की कुठल्याही गिलाव्याने किंवा रंगाने या पाण्याची भरपाई होत नाही. खालचे टेकू घाईने काढू नयेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा दिवस. बीमखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत हलवू नयेत. थंडी असेल तर ओव्हरसियरला विचारल्याशिवाय हातही लावू नये.

पुढच्या खेपा लवकर आटोपल्या. भिंतींना ओळंबा लावला. गिलाव्याआधी नळात पाणी भरून गळती बघितली. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनने बघितले.

लातूरच्या बायका

तुम्ही म्हणाल, घरच्या बाईने मिस्त्रीच्या कामावर नजर ठेवायची, हे कुठे चालते? चालले आहे, आणि हजाराहून अधिक गावांत चालले आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, काही नोंदींप्रमाणे त्याहूनही जास्त. बहुतेक आपापल्या घराखाली गेली. घरे दगडाची होती. भिंती दोन-अडीच फूट जाड. कोणीही बघून म्हणावे, केवढे पक्के घर! पण दगड मातीत बसवलेले. भिंतीची बाहेरची बाजू वेगळी, आतली वेगळी, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाच्या मातीचे ओझे. धक्का बसला तशा भिंतीच्या दोन्ही बाजू फाकल्या आणि माळवद खाली आले. भिंतीच्या पोटात काय आहे, ते वरून दिसत नव्हते.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचे काम काढले. फार नुकसान झालेली गावे नव्या जागी वसवली. बाकीच्या गावांत घरमालकांनी आपली घरे स्वतः दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची, पैसे हप्त्याने मिळायचे, असे ठरले. अशी घरे लाखाहून जास्त होती. एवढ्या घरांवर सरकारी इंजिनिअर किती पुरणार? तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले. मदत किती मिळणार, ती कशी खर्च करायची, भूकंपात टिकणाऱ्या घराला काय लागते, हे त्यांनी घरोघर सांगितले. चालू कामावर लक्ष ठेवले. अडचण इंजिनिअरपर्यंत नेली. यातल्या पुष्कळ बायकांनी त्याआधी हाताने कधी सिमेंट कालवलेही नव्हते.

भूकंप तिकडचा, आपल्याला काय, असेही म्हणू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ अंतराने शंभर किलोमीटरच्या आत आहे.

सरकारी घरकुलाचे काय? प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल २०१६ साली सुरू झाले. तेव्हा सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये ठरले होते. त्यात ठेकेदार नेमायचा नसतो, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. काम जसे वर येईल तसे मोबाइलवर फोटो काढतात आणि त्यावर पुढचा हप्ता सुटतो. ही व्यवस्था चांगली आहे. त्यामुळे जागेवर घरच नाही आणि कागदावर आहे, असे करणे अवघड झाले. पण फोटोत जोते दिसते, जोत्याखालची काळी माती दिसत नाही. फोटो काढायला माणूस आला की त्याला चहा देण्याआधी प्रश्न विचारावेत. पंचायत समितीत घरकुलाचे इंजिनिअर असतात, त्यांना पाया भरण्याआधी येण्याची विनंती करावी. तोंडी नको, अर्ज लिहून करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

ज्यांची मुले कोल्हापुरात फ्लॅट घेत आहेत त्यांनी एवढे ठेवावे: २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करावी.

तात्यांची घरभरणी २०२१ च्या मे महिन्यात घरच्या घरीच झाली. जुलैत पुन्हा मोठा पूर आला. पाणी गल्लीत शिरले, जोत्याच्या पायऱ्या चढू लागले आणि तिसऱ्या पायरीवर थांबले. काकींनी वहीत त्या पायरीची नोंद केली आहे, तारखेसह.

मिस्त्री आता स्वतःचे घर बांधायला काढतो आहे. मध्यंतरी तो काकींकडे आला होता, ती वही न्यायला. काकींनी वही दिली नाही.

"हितंच बस," म्हणाल्या, "आन् बघून उतरून घे."